दुर्बिणीसाठी गच्चीवर आखलेली उत्तर

गोटो, म्हणजे मोटारींनी आपोआप ताऱ्याकडे वळणारी दुर्बीण घेताना सगळ्यांना एकच गोष्ट सांगितली जाते: बटण दाबा, शनी समोर. आणि ते खरंच होतं. माझ्या गच्चीवर होतं आणि दर वेळी मला तेवढाच आनंद होतो. पण बटण दाबायच्या आधी आपण कुठे उभे आहोत, किती वाजलेत आणि आभाळातले दोन तारे नेमके कोणते, हे तिला बिनचूक सांगावं लागतं. हे सांगणं म्हणजे अलाइनमेंट. ती जमली नाही म्हणून दिवाणाखाली गेलेल्या दुर्बिणी मला नागपुरातच माहीत आहेत. चांगल्या, पैसे जमवून घेतलेल्या दुर्बिणी. त्या बाहेर निघाव्यात म्हणून हे लिहून राहिलो.

मी हिंगणा एमआयडीसीत टूलरूमला आहे, राहतो झिंगाबाई टाकळीला. माझी दुर्बीण 127 मिलिमीटरची मॅकसुटोव्ह (भिंग आणि आरसे दोन्ही असलेली, आखूड नळीची), फोकल लेंग्थ 1500 मिलिमीटर. खाली नळी पेलणारं आणि फिरवणारं दोन मोटारींचं माउंट आणि सिनस्कॅनचा हँडसेट, म्हणजे तिला हुकूम द्यायचा बटणांचा रिमोट. 25 मिलिमीटरचा आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, लावला की 60 पट मोठं दिसतं, पण दिसतो तो आकाशाचा पाऊण अंशाहून थोडा जास्त तुकडा. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा असतो, म्हणजे दोन चंद्र शेजारी शेजारी पूर्ण मावत नाहीत. दुर्बीण एका अंशाने जरी चुकली तरी हवी ती वस्तू दिसणारच नाही. नवशिक्याला वाटतं दुर्बीण खराब निघाली.

माझं मत सांगतो: निम्म्याहून जास्त अलाइनमेंट दिवसाउजेडी होते. लोक ती रात्री, अंधारात, मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून करायला जातात आणि वैतागतात.

पहिलं काम फाइंडरचं. दुर्बिणीवर लाल ठिपक्याचा छोटा फाइंडर असतो. तो आणि मुख्य नळी एकाच जागी बघत असल्या पाहिजेत. आम्हा टाकळीकरांना यासाठी देणगीच मिळालेली आहे, कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्या. दुपारी दुर्बीण चिमणीकडे वळवायची, तिच्या टोकावरचा दिवा आयपीसच्या मधोमध आणायचा आणि मग फाइंडरचे स्क्रू फिरवून लाल ठिपका त्याच दिव्यावर बसवायचा. समोरच्या बिल्डिंगची टाकी धरून हे करू नका. फाइंडर नळीपासून साधारण दहा सेंटिमीटर वर असतो. 50 मीटरवरच्या टाकीवर तेवढ्यानेच 7 कलांचा (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) फरक पडतो. काही किलोमीटरवरच्या चिमणीवर तो उरत नाही. चिमण्या आमच्या उत्तरेला, त्यामुळे हिवाळ्यात सूर्य त्या बाजूला येतच नाही. तरीही दिवसा नळी वळवताना पुढचं झाकण लावलेलंच ठेवा आणि चिमणीकडे तोंड झाल्यावरच काढा. नळीतून सूर्य दिसला म्हणजे एका क्षणात डोळा गेला, हे लहान पोरं गच्चीवर असतील तेव्हा तर विसरूच नका.

दुसरं काम उत्तर दिशेचं. माझ्या माउंटला सुरुवातीला नळी आडवी आणि उत्तरेकडे तोंड करून ठेवावी लागते. रात्री ध्रुवतारा पाहून हे करता येतं. नागपूरचा अक्षांश 21, म्हणून ध्रुवही क्षितिजापासून 21 अंशांवर. हात लांब करून मूठ धरली तर साधारण दोन मुठी वर. पण आमच्याकडे त्या बाजूला उजेड आणि धुरकट असतं, ध्रुव काही फार तेजस्वी नाही. म्हणून मी गच्चीवर उत्तर-दक्षिण रेघच आखून टाकली.

रेघ आखायला एक ओळंबा लागतो. गवंडी वापरतात तोच. तो गच्चीवर टांगायचा आणि खऱ्या मध्यान्हीला दोरीची सावली जिथे पडेल तिथे रेघ मारायची. खरी मध्यान्ह घड्याळातल्या बाराला नसते. आपलं घड्याळ 82.5 रेखांशावर चालतं आणि नागपूर आहे 79 अंशांच्या जरा पुढे. एका अंशाला चार मिनिटं धरली तर आपली मध्यान्ह सरासरी 12 वाजून 14 मिनिटांनी होते. त्यात पृथ्वीच्या गतीमुळे ऋतूप्रमाणे मागेपुढे होतं. फेब्रुवारीच्या मध्यावर ती 12:28 च्या आसपास असते, नोव्हेंबरच्या सुरुवातीला बाराच्याही थोडी आधी. गणित नको असेल तर त्या दिवसाच्या नागपूरच्या सूर्योदयाच्या आणि सूर्यास्ताच्या वेळेचा मध्य काढा, झालं. हे काम हिवाळ्यात करा. डिसेंबरात सूर्य खाली असतो, मिनिटाची चूक झाली तर रेघ अंशाच्या तिसऱ्या हिश्श्याने सरकते. एप्रिलच्या मध्यावर सूर्य डोक्याजवळ असतो, तीच चूक अंशापेक्षा मोठी होते. आणि 26 मेच्या आसपास तर नागपुरात मध्यान्हीला सावलीच नाहीशी होते, तेव्हा ओळंबा टांगून काही हाती लागणार नाही.

रेघेवर ट्रायपॉड ठेवून मी तिन्ही पायांच्या खाली ऑइल पेंटचे ठिपके दिले. आमच्या गच्चीला पाणी जायला ढाळ आहे, सगळ्यांच्याच असतो. म्हणून स्पिरिट लेव्हल ठेवून पाय एकदा वरखाली केले आणि त्या उंचीच्या खुणा पायांवर कोरल्या. आता दुर्बीण वर नेली की ठिपक्यांवर ठेवायची आणि नळी रेघेला समांतर करायची.

विजेबद्दल थोडक्यात: सेलवर ही दुर्बीण चालते खरी, पण सेल उतरायला लागले की मोटारी वेड्यासारख्या वागतात आणि माणूस अलाइनमेंटला दोष देत बसतो. सीताबर्डीच्या बाजारातून 12 व्होल्टची छोटी बॅटरी आणून घ्या. प्लगची मधली पिन पॉझिटिव्ह आहे ना, तेवढं तपासा.

आता हँडसेट. रेखांश-अक्षांश तो अंश आणि मिनिटांत मागतो, मोबाइल मात्र दशांशात दाखवतो. 21.1458 म्हणजे 21 अंश 14 मिनिटं नव्हे; .1458 ला 60 ने गुणा, 8.75 येतात. म्हणून नागपूर 21 अंश 9 मिनिटं उत्तर आणि 79 अंश 5 मिनिटं पूर्व. टाइम झोन +05:30. तिथे 5:00 राहिलं तर अर्ध्या तासाचा फरक, आणि आकाश तासाला 15 अंश फिरतं, म्हणजे दुर्बीण साडेसात अंश बाजूला. डेलाइट सेव्हिंग (काही देशांत उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतात ते) विचारेल, तिथे नाही म्हणा. सगळ्यात जास्त घोळ तारखेत होतो, कारण हँडसेट महिना आधी मागतो. 5 फेब्रुवारीला आपल्या सवयीने 05/02 टाकलं की त्याला वाटतं 2 मे. मधले 86 दिवस, रोज जवळपास एक अंश, सगळं आकाश 85 अंश फिरलेलं. माझ्याकडे तक्रार घेऊन आलेल्या बहुतेक दुर्बिणींमध्ये हेच निघतं.

मग तारे. हँडसेट दोन ताऱ्यांची नावं विचारतो. पहिल्याकडे तो स्वतः अंदाजाने वळतो, आपण बटणांनी तारा मधोमध आणायचा, एंटर दाबायचं, मग दुसरा. इथेच तारे ओळखता येणं लागतं, त्याला पर्याय नाही. माझे बाबा काटोलकडचे, संत्र्याच्या बगीच्याला रात्री ओलीत करायला जात तेव्हा तिकांडं कुठवर आलं त्यावरून वेळ सांगत. मृगाच्या पोटातले ते तीन तारे. त्यांनीच मला लहानपणी दाखवलं होतं की तिकांड्याची रेघ खाली डावीकडे वाढवली की व्याध, वर उजवीकडे वाढवली की रोहिणी. दहा तारे जरी असे पक्के झाले तरी वर्षभर अलाइनमेंट अडत नाही.

फेब्रुवारीत रात्री आठला मी व्याध आणि ब्रह्महृदय घेतो. हँडसेटवर ते सिरियस आणि कॅपेला नावाने असतात. व्याध आग्नेयेला, ब्रह्महृदय उत्तरेला वर. दोघांत भरपूर अंतर. दोन तारे एकमेकांच्या जवळचे घेतले तर बारीकशी चूक बाकी आकाशात मोठी होऊन येते. अगदी डोक्यावरचा तारा घेऊ नका, रोहिणी त्या वेळेला तशीच असते. तिथे आडवी मोटार खूप फिरूनही तारा हलत नाही. क्षितिजाजवळचाही नको, हवा त्याला उचलून दाखवते. आणि 2026 च्या सुरुवातीच्या हिवाळ्यातलं एक खास सांगायचं: गुरू मिथुन राशीत, पुनर्वसूच्या शेजारी बसला होता. हँडसेट पोलक्स, म्हणजे पुनर्वसूतला एक तारा, म्हणायचा आणि लोक शेजारच्या झगझगीत गुरूलाच मधोमध आणायचे. मशीनला काय कळणार! ती पुढे रात्रभर तेवढ्या अंतराने चुकत राहते.

तारा मधोमध आहे की नाही हे ठिपक्याएवढ्या ताऱ्यावरून नीट कळत नाही. फोकसची घुंडी फिरवून तो मुद्दाम फिसकटवा. मॅकसुटोव्हमध्ये त्याची मध्ये काळं भोक असलेली गोल थाळी होते. ती थाळी वाढवत कडेला भिडेपर्यंत न्या. चहूकडे सारखी जागा सुटली की तारा बरोबर मध्यात.

पुढची गोष्ट मला सगळ्यात जास्त प्रिय आहे, कारण ती माझ्या धंद्यातली आहे. शेवटचं मध्यावर आणणं नेहमी वरच्या आणि उजव्या बटणानेच संपवायचं. गिअरमध्ये प्ले, म्हणजे दात्यांमधली थोडी ढिलाई, असतो. लेथवर क्रॉस स्लाइडचं माप पुढे गेलं तर आम्ही हँडल नुसतं थोडं मागे घेत नाही. चांगलं एक फेरा मागे जातो आणि पुन्हा त्याच बाजूने मापावर येतो, म्हणजे स्क्रूचा दाता नटला एकाच अंगाने टेकलेला राहतो. इथे तेच. तारा ओलांडला तर मागे जा, आणि परत वर-उजवीकडून या. दोन्ही ताऱ्यांना एकाच बाजूने आलात की प्लेचा फरक दोन्हीकडे सारखा राहतो. आमच्याकडे नवीन अप्रेंटिसला पहिल्याच आठवड्यात हे शिकवतात. दुर्बिणीच्या पुस्तिकेत ते एका ओळीत आहे आणि वाचणारे ती ओळ सोडून देतात.

हँडसेटवर अलाइनमेंट सक्सेसफुल आलं की पहिली वस्तू अशी निवडा जी डोळ्यांनी दिसते. मी गुरू लावतो. 10 जानेवारी 2026 ला तो सूर्याच्या बरोबर समोर होता, त्या फेब्रुवारीतही मोठा आणि छान उंच होता. मोटारींचा आवाज थांबला आणि आयपीसमध्ये गुरू मध्यावर, दोन्ही बाजूंनी मिळून चार चंद्र एका रेषेत. शेजारच्या काकूंचे गुडघे दुखतात तरी त्या जिना चढून आल्या, खुर्चीवर बसून त्यांनी डोळा लावला आणि म्हणाल्या, "माय वो, चार पोरं घेऊन बसलाय हा!" तासाभराने त्यांना पुन्हा दाखवलं, एक पोर बापाच्या जवळ सरकलेलं. दुर्बीण तेवढा वेळ मागोवा घेत होती म्हणूनच ते जमलं. मग एम 42. मृगातला तेजोमेघ, तेराशेहून जास्त प्रकाशवर्षं दूर. टाकळीच्या आभाळात तो राखाडी धुरासारखाच दिसतो, रंगबिरंगी फोटोची अपेक्षा ठेवू नका. पण मधले चार बारीक तारे अगदी सुईच्या टोकासारखे उमटतात.

मार्च संपला की नागपूरची गच्ची वेगळी होते. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत वाफा सोडतो, आणि शेजाऱ्याचा कूलर गच्चीवर असेल तर त्याची थरथर ट्रायपॉडमध्ये येते. अलाइनमेंट बरोबर असूनही गुरू पाण्याखाली ठेवल्यासारखा हलतो. आम्ही संध्याकाळी गच्चीवर पाणी मारतो, थोडा फरक पडतो. खरं बघायचं ते मध्यरात्रीनंतर.

आणि एकदा तरी पेंचला जा. 2024 च्या जानेवारीत पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. तिथे मात्र आपली रेघ नाही, ठिपके नाहीत. लेव्हलपासून सगळं नव्याने, हँडसेटमध्ये जागाही नवी टाकायची. शिवाय एवढे तारे बाहेर येतात की नेहमीचे तारे त्या गर्दीत ओळखता येत नाहीत. म्हणून दिवेलागणीला पोचा. आभाळ अजून निळं असतं, मोजके तेजस्वी तारेच उमटलेले असतात, तेव्हाच दोन तारे धरून घ्या. मग बॅटरी काढू नका, ट्रायपॉडला धक्का लागू देऊ नका, आणि अंधार पडायची वाट बघत डबा खाऊन घ्या.