तुम्ही विचारलंत म्हणून: दोन फोटो जुळवायला एवढे दिवस का?

"जागा एकच, फोटो दोन. एकावर एक ठेवायचे, झालं! त्याला एवढे दिवस?" नागपुरात उपग्रहचित्रांवर काम करतो म्हटलं की बैठकीत काय, लग्नात काय, हे ऐकावंच लागतं.

जागा एक असली तरी दोन्ही चित्रं वेगवेगळंच काही टिपतात. सेन्टिनेल-२ या उपग्रहाला फोटो काढायला ऊन लागतं. सेन्टिनेल-१ स्वतःच्या रडारलहरी तिरक्या सोडतो आणि परत येतात त्या मोजतो, म्हणून ढगांआडचंही दिसतं. पण फुटाळा तलावाचं शांत पाणी त्यात काळं, वारा सुटला की तेच उजळ. रामटेकची टेकडी उपग्रहाकडे झुकलेली दिसते. उष्णतेच्या चित्रात तर दुपारी तलाव जमिनीहून गार, रात्री ऊबदार; उजळ-काळं सगळं उलटतं.

नवा होतो तेव्हा मीही म्हणायचो, आता प्रश्न सुटला. १९९५च्या सुमारास वैद्यकीय चित्रांसाठी म्युच्युअल इन्फर्मेशनची पद्धत पुढे आली होती. दोन्हीकडचा उजळपणा सारखा आहे का, हे ती बघतच नाही; एकीकडचा कळल्यावर दुसरीकडचा किती ओळखता येतो, ते बघते. सुरेख पद्धत, आजही वापरतो. पण रडारचित्रातल्या दाणेदार गोंगाटात ती भलत्याच जागी अडकून बसते, आणि आकडा मात्र छान दाखवते.

त्या छान आकड्याचं काय होतं, ते काटोलकडे पाहिलं. अतिवृष्टीनंतर तलावाचं पाणी काठच्या शेतांत साचलं होतं. पंचनाम्याला आधी कोणते गट घ्यायचे, ते नकाशावरून ठरणार होतं. पाण्याची कड पावसाळी रडारवरून, शेतांच्या हद्दी उन्हाळी चित्रावरून. जुळवणीचे सगळे बिंदू रस्त्यांच्या चौकांवर, सरासरी चूक एका पिक्सेलच्या आत. मी म्हणत होतो, तलावाच्या बाजूला वेगळे तपासबिंदू घ्या. ज्या बिंदूंवर जुळवलं, त्यांच्यावरच कसं तपासता? वेळ नाही, वरिष्ठ म्हणाले. नकाशा गेला.

पुढे त्या काठावर गेलो. संत्र्याची नवी लागवड, सहा-सहा मीटरवर. नकाशातली कड दोन पिक्सेल, म्हणजे वीस मीटर, तलावाकडे सरकली होती. तीन ओळी बुडालेल्या, कागदावर कोरड्या. शेतकऱ्याने एका कलमाच्या बुंध्यावरची गाळाची रेघ बोटाने दाखवली. "भाऊ, पानी इथपर्यंत होतं. मंग तुमच्या नकाशात काहून नाही?" रेघेखाली साल चिरून डिंक ओघळत होता. डिंक्या रोग लागला होता. त्याचा गट पहिल्या यादीत नव्हता. कोणी येईपर्यंत पाणी ओसरलं होतं.

नकाशा माझ्या मनाविरुद्ध गेला, हे मी त्याला सांगितलं नाही. सांगून त्याला काय मिळणार होतं?

तेव्हापासून तपासबिंदूंशिवाय नकाशा द्यायला मी तयार नसतो. वरिष्ठ विचारतात, "तू अडवून ठेवला असतास तर बाकीच्यांचे पंचनामे कशावर झाले असते?" प्रश्न खरा आहे. घाईच्या वेळी कडेभोवती संशयाचा पट्टा आखून नकाशा द्यावा, असं मी सुचवतो. मग तेच म्हणतात, पट्ट्यातला गट बुडालेला धरायचा की कोरडा? याचं उत्तर माझ्याजवळ नाही. पण पुढच्या वेळी किती दिवस लागतील, हे विचारण्याआधी तपासबिंदू कुठे घेतलेत, एवढं विचारा.