गवताच्या गंजीआड बसलेले पाच जण

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पार वायव्य कोपऱ्यात, डोंगरांत विल्यम्सटाउन नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या विल्यम्स कॉलेजच्या आवारात एक संगमरवरी खांब उभा आहे. वर पृथ्वीचा गोल, त्याखाली कोरलेली गवताची गंजी आणि पाच नावं. ‘शेत हे जग आहे’ हे मत्तयाच्या शुभवर्तमानातलं वचनही इंग्रजीत कोरलंय. पानगळीचे रंग बघायला आपली मराठी मंडळी या बाजूला हमखास येतात, पण या खांबापाशी सहसा कुणी थांबत नाही. खरं तर मुंबईतल्या अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात इथूनच झाली.

1806 चा ऑगस्ट. कॉलेजातली पाच मुलं प्रार्थनेसाठी माळावर जमली होती. इतक्यात वादळ आलं, विजा कडाडू लागल्या, तेव्हा ती गवताच्या एका गंजीच्या आडोशाला बसली. विषय निघाला आशियात ख्रिस्ताची सुवार्ता नेण्याचा. सॅम्युएल मिल्स म्हणाला, मनावर घेतलं तर आपण हे करू शकू. हार्वी लूमिसला ते पटेना. आधी तिथले लोक सुधारले पाहिजेत, त्याशिवाय मिशनरी पाठवून उपयोग नाही, असं त्याचं म्हणणं. (‘सुधारले’ म्हणजे काय, हे त्या काळात गोरे लोकच ठरवत. असो.)

आमच्या चर्चच्या मिशन समितीत मी काम करते. ‘प्रभूने मला पाचारण केलंय’ म्हणत तरुण मुलं येतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे असलंच काहीतरी असतं. वीज, वादळ, कानात स्पष्ट आवाज. मग मी त्यांना विचारते, त्या पाचांचं पुढे काय झालं, माहीत आहे का?

परदेशात मिशनरी म्हणून राहायला गेला तो एकटा जेम्स रिचर्ड्स, सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला. लूमिस मेन राज्यातल्या बँगोर गावी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू झाला. फ्रान्सिस रॉबिन्सनेही अमेरिकेतच चर्चची मंडळी सांभाळली. बायरम ग्रीन तर पुढे अमेरिकेच्या संसदेत, काँग्रेसमध्ये निवडून गेला! ज्याच्या बोलण्याने सगळे पेटले, तो मिल्स इथेच राहून इतरांना गोळा करत राहिला. शेवटी एका कामगिरीवर पश्चिम आफ्रिकेला गेला आणि 1818 मध्ये परतीच्या प्रवासात जहाजावरच वारला. आणि मुंबईला पोहोचून तिथलं मिशन सुरू करणारा गॉर्डन हॉल? तो त्या दिवशी गंजीपाशी नव्हताच.

मला सगळ्यात भावतं ते वादळानंतरचं. 1808 मध्ये या मुलांनी एक गुप्त मंडळ काढलं. त्याची नोंदवही सांकेतिक लिपीत. मिशनकार्याच्या आड येईल असं कुठलंही बंधन असलेल्याला त्यात प्रवेश नव्हता. 1810 मध्ये चौघांनी ब्रॅडफर्डला जमलेल्या वडीलधाऱ्या पाळकांपुढे अर्ज ठेवला. अर्जात ‘आम्ही निघालो’ असं नव्हतं. हा विचार वेडगळ आहे का, सोडून द्यावा का, असं त्यांनी विचारलं होतं. अर्जावर खरं तर आणखी दोन नावं होती, पण एवढे सगळे एकदम म्हटल्यावर पाळक बिचकतील म्हणून ती वगळली. त्यातलं एक नाव रिचर्ड्सचं.

त्या अर्जातून अमेरिकन बोर्ड ही परदेशात मिशनरी पाठवणारी संस्था उभी राहिली. 1812 मध्ये पहिली तुकडी निघाली. हॉल आणि सॅम्युएल नॉट यांना कंपनी सरकारने कलकत्त्यातून हुसकलं, म्हणून ते 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईला आले. तिथूनही परत पाठवायची तयारी होती. हॉलने गव्हर्नर सर इव्हन नेपियनना पत्र लिहून विवेकाची हाक दिली आणि अखेर ते राहिले. नॉट तब्येतीपायी काही वर्षांतच परतला. हॉल मराठी शिकला, शाळा काढल्या, छापखाना घातला, आणि 1826 मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने गेला. वय 41. पुढच्याच वर्षी मुलींच्या शाळांसाठी सिंथिया फॅरार नावाची अविवाहित शिक्षिका मुंबईत आली. तिचीच अहमदनगरची शाळा पाहून जोतीराव फुल्यांनी प्रेरणा घेतली.

मिशनरी म्हटलं की आपल्याकडे कुणाच्या कपाळाला आठ्या पडतात, कुणाचे हात जोडले जातात. दोन्हींना कारणं आहेत. त्या वादात मी आज शिरत नाही. मला एवढंच दिसतं की पाचारण एकट्याने ऐकायचं असलं, तरी ते चारचौघांत पारखून घ्यावं लागतं.

आज ती पारख कागदांवर होते. पाळकांचं पत्र, ओळखीच्यांचे अभिप्राय, वैद्यकीय तपासणी, मानसशास्त्रीय चाचणी. वर आपल्या खर्चाला हातभार लावणारे लोक बहुधा स्वतःच शोधायचे. शैक्षणिक कर्ज फार असेल तर अनेक संस्था थांबायला सांगतात. आमच्या मंडळीतली एक नर्स सध्या तिथेच अडकलीय. आम्ही म्हटलं, तोवर इथे येणाऱ्या निर्वासितांच्या इंग्रजीच्या वर्गाला शिकवायला जात जा. ती चिडली. म्हणाली, मला बोलावणं तिकडचं आहे आणि तुम्ही मला फळ्यापुढे उभं करताय.

मी तिला रिचर्ड्सची गोष्ट सांगितली. 1810 मध्ये नाव वगळलं, जहाजात पाऊल पडलं 1815 मध्ये. मधल्या काळात तो फिलाडेल्फियाला जाऊन वैद्यक शिकला.

तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘त्याच्या डोक्यावर कर्ज होतं का, ताई?’’