अपडेट ७ : उकार गेले कुठे?

तीन महिने गायब होते, सॉरी. मागच्या वेळी शिरोरेषेचे फोटो टाकून मिरवलं, आणि त्याच रात्री, मी मराठीत आणू पाहतेय त्या 'ड्रॅगन क्वेस्ट' गेमने माझं नाक कापलं.

झालं असं. राजाचा पहिला संवाद घातला, मेसेनमध्ये (संगणकावर जुने कन्सोल-गेम चालवणाऱ्या एम्युलेटरमध्ये) रॉम, म्हणजे कॅसेटची फाइल, चालू केली, सिंहासनापुढे उभी राहिले. पहिली ओळ झकास उमटली : 'तू शूर आहेस'. मग दुसरी ओळ एकेक अक्षर करत येऊ लागली, आणि जसजशी ती पुढे सरकली तसतसे वरच्या ओळीचे उकार पुसले जाऊ लागले. 'त शर आहेस'. तिसरी ओळ आली आणि तिने दुसरीतल्या 'मुलगी'ची 'मलगी' केली. राजकन्या पळवून नेली म्हणून रडणारा राजा 'माझी मलगी कठे' असं विचारतोय. भाची इतकी हसली की तिला ठसका लागला. मला मात्र त्या रात्री झोप नाही.

नव्यांसाठी दोन ओळी, बाकीच्यांनी पुढे सटकावं. ओसाकाच्या देनदेन टाऊनमध्ये काही शे येनांना घेतलेली 'ड्रॅगन क्वेस्ट'ची कॅसेट, फॅमिकॉम या निन्टेंडोच्या जपानी कन्सोलची, २७ मे १९८६ची ती पहिली. ती मराठीत बोलती करायची आहे. सगळी मिळून ६४ केबी. मूळ मंडळींना जागेची इतकी मारामार होती की काताकाना लिपीतली फक्त २० अक्षरं ठेवली आणि राक्षसांची नावं त्या वीसातच बसवली. त्यामुळे मी जागेवरून रडायला लागले की भाची मला तेच ऐकवते.

'इंग्रजी आवृत्ती पाया म्हणून का घेत नाहीस?' हे दर वेळी कुणीतरी विचारतंच. ती १९८९ची अमेरिकन आवृत्ती चांगली आहे, पात्रं चालताना त्या त्या दिशेला तोंड करतात (जपानीत सगळे खेकड्यासारखे, कायम तोंड आपल्याकडे), सेव्हसाठी बॅटरीही आहे. पण मला जपानीच हवी, कारण जपानीत अक्षराच्या वर एक जास्तीची रांग आहे. 'का'वर दोन टिकल्या दिल्या की 'गा', 'हा'वर छोटं गोल दिलं की 'पा'. त्या टिकल्या आणि ती गोलं हा गेम अक्षराच्या टाइलमध्ये (पडदा ज्या छोट्या चौकोनांचा बनतो त्यांपैकी एकात) काढत नाही, वरच्या रांगेतल्या वेगळ्या टाइलमध्ये काढतो. म्हणजे मजकुराची प्रत्येक ओळ दोन रांगांची. इंग्रजीला त्या वरच्या रांगेचा काय उपयोग? आपल्याला तर ती लॉटरी आहे. मात्रा, अनुस्वार, रफार, वेलांटीचा फरा (वरची कमान), सगळं तिथे बसतं. जपानी काना (त्यांची अक्षरं) काढले आणि आपला काना घातला, हा विनोद मी चौथ्यांदा करतेय, माफ करा.

शिरोरेषा तर टाइलसाठीच जन्माला आली असावी. ८ गुणिले ८च्या चौकोनात सर्वांत वरची पिक्सेल-रांग पूर्ण भरायची. शेजारच्या टाइली आपोआप जोडल्या जातात, मोकळी जागा आली की शब्द तुटतो. खाली उरतात सात रांगा. त्यात 'ळ' बसवलाय, दोन टपोऱ्या गोलांचा, आणि तो मला स्वतःच्या लग्नाच्या फोटोपेक्षा जास्त आवडतो. 'घ' आणि 'ध' अजून जुळे भाऊ वाटतात. 'ख'चा 'रव' होतो तो होतोच.

तर उकार. वर जागा मिळाली, खाली कुठून आणायची? पहिल्या ओळीच्या खालची रांग म्हणजेच दुसऱ्या ओळीची वरची रांग. मी उकार तिथे ठेवले. दुसरी ओळ छापताना गेम आपली वरची रांगही लिहितो. मात्रा असेल तर मात्रा, नसेल तर कोरी टाइल. माझे उकार त्या कोऱ्या टाइलखाली गाडले जात होते. गेमची काही चूक नाही. जपानीत अक्षराच्या खाली काही लोंबतच नाही, त्याने जपून तरी काय ठेवायचं?

पहिला उपाय : अक्षर पाच पिक्सेलांत दाबायचं आणि उकार त्याच टाइलच्या तळाला. वायवाय-सीएचआर उघडून दोन रविवार घालवले. (सॉफ्टवेअर दिसायला जुनाट, पण टाइल काढायला त्याच्याइतकं सुटसुटीत मला दुसरं मिळालं नाही.) निकाल : 'कु' म्हणजे पाय मुरगळलेला 'क'. शिवाय प्रत्येक व्यंजनाचे तीन-तीन अवतार लागतात, आणि पार्श्वभूमीला एका वेळी टाइलीच २५६, त्यात गवत, डोंगर, पाणी, किल्ल्याच्या भिंतीही आल्या. रद्द.

दुसरा उपाय : दर ओळीला तीन रांगा. वाचायला सुंदर, पण खिडकीत ओळी कमी मावतात आणि राजाचं भाषण संपता संपत नाही. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेसारखं. रद्द.

तिसरा उपाय सुचला तेव्हा वाटलं, जिंकलो. उकार टाइलच्या वरच्या अर्ध्यात काढायचे, मात्रा खालच्या अर्ध्यात, आणि दोन्ही असलेल्या जोडटाइली करून ठेवायच्या. खाली लोंबणाऱ्या गोष्टी : काही नाही, पहिला उकार, दुसरा उकार, ऋकार. वर बसणाऱ्या : काही नाही, एक मात्रा, दोन मात्रा, अनुस्वार, रफार, ऱ्हस्व वेलांटीचा फरा, दीर्घ वेलांटीचा फरा. चार साते अठ्ठावीस, त्यातली एक कोरी, म्हणजे २७ टाइली. जागा पुरेना, म्हणून ऋकाराला नारळ दिला. आता २०. 'कृपा'ऐवजी 'दया', 'मृत्यू'ऐवजी 'मरण'. आपलं काही अडत नाही, उलट राजा जरा माणसांत आला.

पण छापताना 'आधी इथे कोणता उकार होता' हे गेमने बघायला हवं. म्हणजे ६५०२ असेंब्लीत (कन्सोलच्या प्रोसेसरच्या भाषेत) नवी तपासणी, आणि तीही पडद्यावर लिहिण्याच्या त्या चिमूटभर वेळात. सहा आठवडे त्यात गेले. मेसेनचा डीबगर (कोड पायरीपायरीने तपासायची सोय) नसता तर मी हा छंद सोडून विणकाम धरलं असतं. कधी उकार टिकायचा पण मात्रा जायची, कधी अख्ख्या खिडकीवर रफारांचा पाऊस.

सुटका झाली ती अनपेक्षित ठिकाणी. बहिणीच्या मुलाच्या मुंजीची पत्रिका करायला अप्पा बळवंत चौकातल्या डीटीपीवाल्या काकांकडे बसले होते. श्रीलिपी या डीटीपीच्या सॉफ्टवेअरवर आयुष्य गेलेला माणूस. वेलांटी आधी टाकायची आणि अक्षर नंतर, ही दिसेल त्या क्रमाची युक्ती मी त्यांच्याचकडून उचलली होती (अपडेट ३). पत्रिकेत 'शुभमुहूर्त'चा उकार खालच्या ओळीतल्या रफारात घुसत होता. काकांनी काय केलं? एक शब्द खालच्या ओळीत ढकलला. बस.

मी म्हटलं, "काका, हे कॉम्प्युटरला आपोआप नाही का कळत?"

"अगं, त्याला कशाला कळायला हवं? मला कळतंय ना."

मी तिथेच खुर्चीत ताठ बसले. गेमला कळायची गरजच नाही! कोणत्या ओळीखाली कोणती ओळ येणार हे मजकूर घालणाऱ्या माझ्या पायथन स्क्रिप्टला आधीच माहीत आहे. दुसऱ्या ओळीची वरची रांग लिहितानाच तिने पहिलीचे उकार बघून जोडटाइल टाकायची. गेम बापडा 'मात्रा' समजून छापेल, त्यात उकारही गुपचूप जाईल. खिडकी वर सरकली तरी जोड्या तुटत नाहीत, कारण शेजारच्या ओळी शेजारीच राहतात. सहा आठवड्यांचं असेंब्ली कचऱ्यात, आणि त्याजागी पायथनच्या तीसेक ओळी. त्या रात्री साडेअकराला राजाने विचारलं : 'माझी मुलगी कुठे?' मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

दोन भोकं उरली होती. एक, संवादाची शेवटची ओळ. तिच्याखाली पुढे कोणता संवाद येईल सांगता येत नाही. तिथे नियम केला : शेवटच्या ओळीत उकार नको. कवितेच्या वृत्तासारखा खेळ झालाय, आणि चक्क मजा येते. दुसरं, खेळाडूचं नाव. ते चार घरांचं, पण किती भरेल ते खेळणाऱ्यावर. नाव लहान-मोठं झालं की पुढचे रकाने सरकतात आणि उकार भलत्याच अक्षराखाली जातात. उपाय मराठीनेच दिला : नाव कायम ओळीच्या शेवटी, हाक मारल्यासारखं. 'जरा थांब, अमुक!' त्याने सामान्यरूपाचं लफडंही मिटलं, कारण गेमला 'रामाला', 'सीतेला' करता येणं शक्यच नव्हतं. 'आलास की आलीस' मात्र बाकी आहे. भाची म्हणते तिला 'आलीस'च हवं. बघू.

खलनायकाचं, म्हणजे ड्रॅगनराजाचं, नाव अजून अडलंय. 'नागराज' कितीही सरळ वाटलं तरी आपण नागपंचमीला त्याला पुजतो, तलवार घेऊन मागे लागत नाही. सूचना कळवा.

हे लिहिता लिहिताच एक सुचलं, म्हणून योजना बदलतेय. या कॅसेटमध्ये सेव्ह नाही. राजा २० अक्षरांचा 'पुनरुज्जीवनाचा मंत्र' देतो, पाच-सात-पाच आणि वर तीन, तो वहीत उतरवायचा. त्यासाठी ६४ वेगळी अक्षरं लागतात. मी हा भाग शेवटी ठेवला होता, ६४ कुठून आणू म्हणून. पण १६ व्यंजनं घेतली आणि प्रत्येकाची चार रूपं केली, क, के, कै, कं, तर सोळा चोक चौसष्ट! सगळी एकाच घरात मावतात आणि खाली काहीच लोंबत नाही, म्हणजे टक्कर होणारच नाही. टीव्हीवर 'के' आणि 'कै' ओळखू येतील का, हाच प्रश्न. तेव्हा संवाद बाजूला, आधी मंत्र.

आणि ते संगणकाच्या पडद्यावर नाही, खऱ्या टीव्हीवर बघायचंय. आपल्याकडच्या नव्वदीतल्या टीव्ही गेमना ६० पिनांचीच कॅसेट लागायची, फॅमिकॉमसारखी, त्यामुळे अडॅप्टरची भानगड नाही. (ऑनलाइन मागवलेला ७२ पिनांचा अडॅप्टर वाकड्या पिनांसह आला आणि परत घ्यायला कुणी तयार नाही, तो विषय नको.) पुण्यातल्या तपकीर गल्लीतून दोन २७सी२५६ (पुसून पुन्हा भरता येणाऱ्या मेमरी चिपा) आणलेत, एक प्रोग्रॅमसाठी, एक चित्रांसाठी. जुन्या चिपा आहेत, आधीचं काहीतरी भरलेलं आहे, म्हणून आत्ता अतिनील पेटीत ठेवल्यात. वीस मिनिटं होत आली. ताईच्या माळ्यावरून कन्सोल उतरवायला भाचीला पाठवलंय, आणि येताना पिना पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आण म्हणून बजावलंय, नाहीतर ती पिनांवर फुंकर मारत बसेल.