तुम्ही विचारलंत म्हणून: ‘सॉसरफुल’मधल्या त्या बारा मिनिटांत आहे काय?

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडच्या ‘अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’ या अल्बमला प्रोग्रेसिव्ह रॉकची, म्हणजे गाण्याचा ठरलेला साचा मोडून लांब रचना बांधणाऱ्या रॉकची, पहिली चाहूल म्हणतात, पण त्याचं बारा मिनिटांचं शीर्षकगीत लावलं की नुसता गोंगाट कानावर पडतो; मग त्यात ऐकायचं काय, हा प्रश्न वारंवार येतो.

गोंगाट आहेच. पण तो आधी कागदावर आखलेला आहे, आणि सगळी गंमत त्या आखणीत आहे.

अल्बम जून 1968चा. सिड बॅरेट, म्हणजे बँडचा मुख्य गीतकार, हाताबाहेर चालला होता. जानेवारीत गिटारवादक डेव्हिड गिलमोर आला, एप्रिलपर्यंत बॅरेट बाहेर पडला. झटपट ओठांवर बसेल अशी चाल रचणारा माणूस गेल्यावर उरलेल्यांनी रचनेचा वेगळा मार्ग धरला. बेस गिटार वाजवणारा रॉजर वॉटर्स आणि ड्रमर निक मेसन हे वास्तुकलेचे विद्यार्थी. त्यांनी स्वरलिपी न लिहिता चढ-उतारांचा आराखडा काढला: ताण कुठे वाढायचा, कुठे फुटायचा, कुठे निवायचा. कडवं-धृपद-कडवं हा साचा इथे गळून पडला. पुढे प्रोग्रेसिव्ह रॉक ज्यावर उभा राहिला ते हेच. नुसती लांबी नव्हे.

आता तुकडा लावा. सुरुवातीला जी गुणगुण येते ती झांजेची आहे. झांज अगदी हलक्या हाताने वाजवलीय आणि मायक्रोफोन तिला जवळजवळ चिकटवलाय, त्यामुळे एरवी कानापर्यंत न पोचणारे तिचे खालचे स्वर वर येतात. सम शोधत बसू नका, इथे ती नाही. चौथ्या मिनिटाच्या सुमारास ड्रम्स सुरू होतात. मेसनच्या वादनाचा एक तुकडा टेपची टोकं जोडून गोल फिरवलाय, म्हणून तोच ठेका जराही न बदलता येत राहतो. कान या ठेक्यावर ठेवा. त्याच्यावर बँडचा कीबोर्डवादक रिचर्ड राइट पियानोवर मुठी आपटतोय आणि गिलमोरची गिटार किंचाळतेय. ती आडवी ठेवून तिच्या तारांवर माइक-स्टँडचा धातूचा पाय घासलाय. ठेका पक्का असल्यामुळे वरचा धुमाकूळ कितीही मोकाट गेला तरी तुकडा विस्कटत नाही. सातव्या मिनिटानंतर ठेका विरतो, खोल घरघर उरते, आणि तिच्यातून ऑर्गन उगवतो. शेवटी शब्दांविना गाणारे आवाज त्यात मिसळतात. हा शेवट सुंदर आहेच, पण आधीची आठ मिनिटं सोसल्याशिवाय तो लागू पडत नाही. थेट शेवटावर उडी मारलीत तर एक बरं स्तोत्र ऐकल्यासारखं वाटेल, एवढंच.

बहुतेकांचं बिनसतं ते आवाजाच्या पातळीपाशी. सुरुवात हळू आहे म्हणून आवाज वाढवतात, मग मधला भाग कानात घुसतो आणि तुकडा बंद होतो. आधी शेवटची दोन मिनिटं लावा, ऑर्गन भरदार पण सुखाचा वाटेल इतका आवाज ठेवा, आणि मग सुरुवातीपासून ऐका. मध्ये बटणाला हात लावू नका. मोबाइलच्या स्पीकरवर तर हा तुकडा लावूच नये: खालची घरघर तिथे उमटत नाही, आणि ऑर्गन आधाराशिवाय आल्यासारखा वाटतो. साधे हेडफोन पुरतात.

बाकी अल्बम एकसंध नाही. ‘कॉर्पोरल क्लेग’ मला आजही कच्चं वाटतं. ‘सेट द कंट्रोल्स फॉर द हार्ट ऑफ द सन’ मात्र चुकवू नका. मेसन तिथे टिंपनीच्या, म्हणजे ऑर्केस्ट्रातल्या मोठ्या नगाऱ्याच्या, मऊ काठ्यांनी ड्रम्स वाजवतो, त्यामुळे ठेका टोचत नाही, दुरून येत राहतो. अखेरचं ‘जगबँड ब्लूज’ बॅरेटचं, या अल्बमवरची त्याची एकमेव रचना. मध्येच साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेचा ब्रास बँड घुसतो आणि गाणं फाटतं.

शीर्षकगीत तरीही पचलं नाही, तर बँडच्याच 1969च्या ‘उम्मागुम्मा’ अल्बमवरचं मैफलीतलं रूप आधी ऐका. तिथे शेवटच्या भागात ड्रम्स आहेत आणि गिलमोर शब्दांविना पण गळा मोकळा सोडून गातो, त्यामुळे तुकडा कुठे निघालाय ते चटकन कळतं. मग स्टुडिओतल्या रूपाकडे परत या, आणि त्यानंतर त्यांचंच 1971चं ‘एकोज’ लावा. रेकॉर्डची अख्खी बाजू व्यापणाऱ्या त्या रचनेतही मधली अंधारी घरघर आणि तिच्यातून हळूहळू वर येणारं संगीत सापडेल.