बाकावर सरकून दिलेली जागा

आज जालन्यात चर्चमध्ये उपासनेला गेले होते. दुसरं गीत चालू असताना एक बाई लेकरू कडेवर घेऊन आत आल्या. सहा महिने ऊसतोडीवर होत्या. माझ्या मनात पटकन आलं, 'आता आठवण झाली का देवाची?' खरं सांगते, आलं.

तेवढ्यात शेजारच्या आजी सरकल्या. त्यांना बसवलं, आपलं 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक त्यांच्यापुढे धरलं आणि ओळीवर बोट ठेवलं. उसाच्या पात्यांनी चिरलेली बोटं आजींच्या बोटामागून हळूहळू सरकत होती. शेवटच्या कडव्याला त्यांचा आवाज निघाला.

बायबलमधला शौल आधी येशूच्या शिष्यांचा छळ करायचा; म्हणून पुढे तो स्वतः विश्वासू होऊन यरुशलेमेत आला तेव्हा सगळे शिष्य त्याला भीत होते. बर्णबाने त्याला सोबत घेऊन प्रेषितांकडे नेलं. बर्णबा म्हणजे बोधपुत्र, धीर देणारा. आणि मी? कोण किती रविवार आलं, याचा हिशेब मांडत बसले होते.

उपासना सुटल्यावर त्यांच्याशी बोलले. कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीत, रोज रात्री लेकरांना घेऊन प्रार्थना करायच्या. "पाठ होती तेवढीच वचनं म्हणायचो, ताई."

पुढच्या रविवारी थोरल्यालाही आणणार आहेत. आजींशेजारची जागा मी धरून ठेवते.