बाटलीतला पांढरा साका

बर्फ मासोळीवाल्याकडून घ्यावा लागला. एप्रिलचा महिना, लॅबमधले आईसपॅक नागपूर जिल्ह्यातल्या कुहीला पोचेपर्यंतच घामेजलेले. पाण्याचा नमुना थंड नेला नाही तर त्यातले जंतू वाटेतच वाढतात, मग आलेला आकडा नदीचा नसतो, डब्याचा असतो. मासोळीवाल्यानं बर्फ फोडून दिला आणि विचारलं, "कायचं पार्सल आहे जी?" नदीचं आहे म्हटल्यावर हसला.

नाग नदी कन्हानला मिळते तिथले दोन नमुने आणायचे होते, एक संगमाच्या वरचा, एक खालचा. नदीत उतरून आंघोळ करता येईल का, हे त्यावरून पाहायचं. सरकारी निकष तसे सोपे आहेत. लिटरमागे विरघळलेला प्राणवायू किमान 5 मिलिग्रॅम, बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जंतू जेवढा प्राणवायू खातात तो, 3 च्या आत, आणि विष्ठेतले जंतू दर 100 मिलिलिटरला 500 पर्यंत असावेत, 2500 च्या वर तर नकोतच. कागदावर चार ओळींचं काम.

डोंगा एका ढिवर, म्हणजे मासेमार, बाबाजींचा होता. सोबत त्यांचा नातू, नववीतला. डोंगा हलला तसा पोरानं दोन्ही हातांनी काठ गच्च धरला. मला वाटलं, माझ्यासारखाच पाहुणा असेल.

"पोयता नाई येत त्याले," बाबाजी बांबू टेकवत म्हणाले. "ढिवराचा पोट्टा आहे. कोनाले सांगाची बी लाज वाट्टे."

घरात पोहायला शिकताना पाठीला बांधायचा सुका भोपळा अजून खुंटीला टांगलेला आहे म्हणे. त्यावर त्यांनी गावातले दोन पिढ्यांचे पोट्टे तयार केले. या पोराच्या वेळी मात्र पाण्याला वास यायला लागला होता आणि अंगाला खाज सुटायची, म्हणून त्याच्या आईनं उतरूच दिलं नाही. आई बरोबरच होती.

संगमाच्या खाली पाणी काळपट, काठाला बेशरमाची झुडपं, मध्ये साबणासारखा फेस. ज्या नदीवरून नागपूरला नाव पडलं ती शहरातून गटार होऊन निघते, वाटेत पिली नदीला पोटात घेते आणि इथं कन्हानमध्ये रिकामी होते. गंमत अशी की याच कन्हानचं पाणी वरच्या अंगाला उचलून, शुद्ध करून शहर पितं. वर प्यायचं आणि खाली सोडायचं. मधल्या अंतरात काय होतं ते या डोंग्यात बसल्यावर कळतं.

प्राणवायूची बाटली काचेची असते, बुडबुडा न राहू देता भरायची. मग दोन मिलिलिटर मॅंगनीज सल्फेट आणि दोन मिलिलिटर अल्कली-आयोडाइड पाण्याच्या आत सोडायचं, बूच लावायचं, उलटसुलट करायचं. पाण्यात प्राणवायू असेल तर तांबूस-तपकिरी साका बनतो आणि हळूहळू खाली बसतो. नसेल तर साका पांढराच राहतो. बाकी सगळ्या तपासण्यांना लॅब लागते, ही एक नदीवरच बोलते.

साका पांढरा आला. दह्यासारखा. थंडीच्या दिवसांत थोडी तरी तांबूस झाक असते, त्या दिवशी तीही नव्हती.

"पांढरा आला, म्हंजे चांगलं नं मॅडम?" नातवानं विचारलं.

मी नाही म्हटलं. मासोळीला श्वासापुरतंही यात काही नाही, हेही सांगितलं. बाबाजींनी बाटली हातात घेऊन उन्हाकडं धरली आणि बराच वेळ पाहिली. "हे तं आमाले मासोळीनं आधीच सांगतलं होतं," म्हणाले.

वर जाताना पोराची भीड चेपली. "मॅडम, पॅरिसच्या नदीत लोकं पोयतात. रील पायली म्या." खरंच आहे ते. सीन नदीत 1923 पासून पोहायला बंदी होती, 2025 च्या जुलैत तीन जागा लोकांसाठी उघडल्या. पण त्याआधी सुमारे 1.4 अब्ज युरो ओतले. घराघरांचं मैलापाणी चुकून पावसाच्या नळांना जोडलेलं होतं, ते हुडकून गटाराला जोडलं. राहत्या बोटींनाही गटाराची जोडणी करायला लावली. ऑस्टरलिट्झ स्टेशनजवळ जमिनीखाली 50,000 घनमीटरचं टाकं बांधलं, मुसळधार पावसात गटारं तुंबून नदीत ओतू नयेत म्हणून. तरी 2024 च्या ऑलिंपिकमध्ये पावसानं जंतू वाढले आणि पुरुषांची ट्रायथलॉन एक दिवस पुढं ढकलावी लागली. आजही मोठा पाऊस झाला की पोहणं बंद.

बाबाजी ऐकत होते. मग म्हणाले, "त्यायची नदी पान्यापावसानं खराब होते. आमची पान्यापावसानंच बरी होते."

मी अकरा वर्षं नमुने काढते आहे, हे असं कुणी म्हटलं नव्हतं. पहिल्या पावसात साचलेली सगळी घाण एकदम येते आणि मासोळ्या उलट्या होतात, हे खरं. पण त्यानंतर कन्हानला भरपूर पाणी असतं, वास जातो. "मंग तवा काहून नाई उतरत?" मी विचारलं. "पूर असते नं जी. पानी चांगलं असते तवा नदी उतरू देत नाई, नदी उतरू देते तवा पानी असं."

संगमाच्या वर बाटलीत तपकिरी साका बसला, दाट. पोरानं मोबाइलवर दोन्ही बाटल्यांचा फोटो काढला.

जंतूंच्या नळ्यांना दोन दिवस लागतात. जंतू असले तर ते वाढवायला नळीत घातलेला मॅकॉन्कीचा जांभळा रस पिवळा पडतो आणि आतल्या छोट्या उलट्या नळीत वायूचा बुडबुडा चढतो. खालच्या नमुन्याचं पाणी सौम्य करूनही सगळ्या नळ्या पिवळ्या. वरचा नमुना 500 च्या वर, 2500 च्या खाली. म्हणजे हवा तसा नाही आणि अगदी नकोसाही नाही. अहवालात अशा वेळी शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचं, हा प्रश्न मला दर वेळी पडतो. मी नुसता आकडा लिहून मोकळी झाले.

चौथ्या दिवशी बाबाजींचा फोन आला. "ते तपकिरी बाटलीवालं पानी, तिथं नेऊ का पोट्ट्याले? भोपळा उतरवला म्या."

मी आकडा सांगितला. न्यायचंच असेल तर अंगावर जखम नको, पावसानंतर दोन-तीन दिवस नको, डोकं वर ठेवायचं, आणि पाणी तोंडात जाऊ द्यायचं नाही, असंही सांगितलं.

पलीकडं थोडा वेळ काहीच आवाज नाही.

"मॅडम, पोयनं शिकताना पानी पोटात जातेच."