नऊ जणांचा हिशोब एका फाइलीत

बुधवार, 28 जुलै 2021. चिपळूणच्या पुराला सहा दिवस झाले होते. सकाळी साडेआठच्या सुमारास भाऊ मोटारसायकलवरून गुहागरला आमच्या दारात उतरले. रेनकोट काढायच्या आधी त्यांनी आतल्या खिशातून एक पुडकं काढून माझ्या हातात दिलं. दुधाच्या रिकाम्या पिशव्या, एकात एक अशा चार, प्रत्येकीला रबरबँड. आत बॅकअपची हार्ड डिस्क. "हीच राहिली बघ," एवढंच म्हणाले आणि पडवीत टेकले. त्यांच्या नखांत अजून चिखल होता.

भाऊंच्या दुकानात मी सात वर्षं काम केलं. लग्न होऊन गुहागरला आले तरी त्यांच्या सर्व्हरची देखभाल माझ्याकडेच राहिली. दुकान चिपळूणच्या बाजारपेठेत, तळमजल्यावर. त्या एका सर्व्हरवर नऊ गिऱ्हाइकांचा हिशोब होता. एक पतसंस्था, औषधांचे दोन होलसेलवाले, एक काजू कारखाना, बाकीची लहान-मोठी दुकानं. 22 तारखेला वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं आणि सर्व्हर पूर्ण बुडाला. डिस्क वाचली, कारण भाऊ रोज रात्री ती काढून वरच्या मजल्यावर घरी नेत. वीस वर्षांची सवय. त्या रात्रीही नेली.

डिस्कवर 21 तारखेच्या रात्रीची फाइल होती. मायएसक्यूएल, म्हणजे माहिती साठवणारा प्रोग्रॅम, त्याचा पूर्ण डम्प: सगळे डेटाबेस, प्रत्येक गिऱ्हाइकाचा एक, एकाच फाइलीत ओळीओळीने उतरवलेले, झिप करून दोन जीबीच्या थोडी वर. उलगडली तर अठरा जीबी. तशी व्यवस्था मीच लावली होती. एक आदेश, एक फाइल, सोपं काम. अख्खा सर्व्हर परत उभा करायचा असता तर ती फाइल तशीच ओतली असती. पण आता सर्व्हरच नव्हता. प्रत्येक गिऱ्हाईक मिळेल त्या जागी, मिळेल त्या कॉम्प्युटरवर काम सुरू करू पाहत होतं. पतसंस्थेने शाळेची एक खोली घेतली होती. ठेवीदार दारात उभे होते, कारण घरात भांडं उरलं नव्हतं आणि पैसे तेवढे पतसंस्थेत होते. व्यवस्थापक पाच वाजता माझ्याकडे येणार होते.

"सगळ्यांना अख्खी फाइल देऊन टाकू, ज्याचं त्याने काढून घ्यावं," भाऊ म्हणाले. ते थकले होते, म्हणून तसं बोलले.

"नाही भाऊ. दोन्ही औषधवाले एकाच पेठेतले. एकाचे खरेदीचे दर दुसऱ्याच्या हातात द्यायचे? आणि पतसंस्थेची कर्जखाती?"

ते गप्प झाले. मग म्हणाले, "खरं आहे तुझं."

आधी फाइलीची शेवटची ओळ पाहिली. डम्प नीट संपला असेल तर तिथे 'डम्प कम्प्लीटेड' आणि तारीख-वेळ येते. ओळ होती. अर्धवट फाइलीतही वरचं सगळं ठाकठीक दिसतं, म्हणून मी सुरुवात नेहमी तळापासून करते.

एवढी फाइल साध्या एडिटरात उघडत नाही, उघडायची गरजही नसते. एकत्रित डम्पमध्ये प्रत्येक डेटाबेस सुरू होताना 'करंट डेटाबेस' अशी टिपणीची ओळ येते, पुढे त्याचं नाव. ती ओळ आली की नव्या फाइलीत लिहायला लागायचं, एवढंच सांगणारी चार ओळींची स्क्रिप्ट ऑकमध्ये, म्हणजे मजकूर ओळीओळीने चाळणाऱ्या साधनात, लिहिली. एक फाइल बंद, दुसरी उघड. झिप न सोडताच आतला मजकूर पुढे पाठवणाऱ्या झेडकॅट आदेशाने स्क्रिप्टला धार लावली. मधे वीज गेली, इन्व्हर्टर लागला. लॅपटॉपचा पंखा पावसाच्या वर ऐकू येत होता. वीसेक मिनिटांनी काम संपलं. अकरा फाइली: नऊ गिऱ्हाइकं, एक जुना चाचणीचा डेटाबेस, आणि मायएसक्यूएलचा स्वतःचा, ज्यात वापरणाऱ्यांची नावं आणि पासवर्ड असतात.

मग आकार पाहिले आणि पोटात गोळा आला. पतसंस्थेची फाइल चाळीस केबी. काजूवाल्याची दोन केबी. अठरा जीबीतून अकरा फाइली मिळून शंभर केबीसुद्धा भरत नव्हत्या.

भाऊंना काही बोलले नाही. मूळ फाइल जागेवर आहे, हे स्वतःला दोनदा सांगितलं. मग ओळी शोधणारा ग्रेप आदेश लावून 'करंट डेटाबेस'च्या ओळी मोजल्या. अकरा नव्हे, बावीस. प्रत्येक नाव दोनदा. पहिल्या फेरीत टेबलं आणि त्यातला माल, आणि अगदी शेवटी पुन्हा एकेक डेटाबेस घेऊन त्यातले व्ह्यू, म्हणजे टेबलांतला माल हवा तसा दाखवणाऱ्या तयार मांडण्या. व्ह्यू दुसऱ्या टेबलांवर, कधी दुसऱ्या डेटाबेसवरही टेकलेले असतात, म्हणून मायएसक्यूएल ते मागे ठेवतं. माझी स्क्रिप्ट दुसऱ्यांदा तेच नाव दिसल्यावर तीच फाइल नव्याने उघडत होती, म्हणजे आधीचे सहा जीबी पुसून त्यावर चाळीस केबी लिहीत होती. 'वर लिही' ऐवजी 'पुढे जोड' एवढा बदल. एक चिन्ह जास्त. जुने तुकडे पुसून पुन्हा वीस मिनिटं थांबले. या वेळी बेरीज अठरा जीबीला टेकली.

भाऊंनी तोवर पेजेचं ताट रिकामं केलं होतं. सहा दिवसांत गरम असं पहिल्यांदाच खाल्लं, म्हणाले.

पतसंस्थेचा तुकडा माझ्या लॅपटॉपवरच्या मायएसक्यूएलमध्ये भरायला घेतला. सातव्या टेबलाला अडला: फॉरेन की, म्हणजे एका टेबलाला दुसऱ्याशी बांधणारा दुवा, जोडता येत नाही. टेबलं इंग्रजी अक्षरक्रमाने येतात, त्यामुळे ज्याच्यावर खातं अवलंबून ते सभासदांचं टेबल कधी कधी नंतर येतं. एरवी हे अडत नाही, कारण फाइलीच्या डोक्यावर या दुव्यांची तपासणी तात्पुरती बंद करणारी ओळ असते. ते डोकं माझ्या एकाही तुकड्याला नव्हतं. तपासणी हाताने बंद केली आणि सगळं भरलं गेलं. त्यावर थांबले असते तर फार वाईट झालं असतं.

सवयीने 21 तारखेच्या पावत्या काढल्या. एक पिग्मीची, म्हणजे रोजच्या छोट्या बचतीची, जमा पहाटे साडेपाचची. पुढची पाच चाळीसची. पतसंस्था अकराला उघडते. साडेपाच तासांचा फरक पाहिला आणि लगेच कळलं. टाइमस्टँप प्रकारच्या वेळा डम्पमध्ये जागतिक वेळेप्रमाणे, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे, लिहिल्या जातात आणि डोक्यातली आणखी एक ओळ ते मायएसक्यूएलला सांगते. ती ओळ नसली की अकराचे साडेपाच होतात, कुठेही चूक दाखवली जात नाही. संध्याकाळची जमा दुपारची होते, मध्यरात्रीनंतरची नोंद आदल्या तारखेला जाते. पतसंस्थेत तारखेवर व्याज चालतं.

डेटाबेस पुसला. मूळ फाइलीचं डोकं, पहिल्या 'करंट डेटाबेस'च्या आधीपर्यंतचं, कापून घेतलं आणि नऊही तुकड्यांना लावलं. शेपटीत या गोष्टी पूर्ववत करणाऱ्या ओळी असतात. त्या शेवटच्या डेटाबेसच्या तुकड्याला चिकटून राहिल्या होत्या, त्या काढून सगळ्यांना जोडल्या. मायएसक्यूएलचा स्वतःचा तुकडा कुणाला द्यायचा नव्हता. नव्या कॉम्प्युटरवर तो भरला तर तिथली वापरकर्त्यांची यादी पुसून आपली बसते. पुन्हा भरलं. पहिली जमा अकराला, दुसरी अकरा दहाला.

व्यवस्थापक पावणेपाचलाच आले. सोबत त्यांचा एक पिग्मी एजंट, तिशीतला मुलगा. त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून ठेवीदारांची सहा पासबुकं काढली. पाण्यात फुगून मग चुलीपाशी वाळवलेली, पानं लाटांसारखी वळलेली. एकेक पान नखाने सोडवत तो आकडा वाचायचा, मी खातं उघडायची. पहिली पाच जुळली. सहावं मासळीवाल्या एका बाईंचं होतं. शाई पसरून शेवटची रक्कम गेली होती.

"ही नाय वाचता येत ताई. पण मीच घेतलीय त्या दिवशी. दीडशे."

मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. 21 जुलै, संध्याकाळी सहा वाजून बारा मिनिटं, जमा दीडशे.

तो बराच वेळ बघत राहिला. व्यवस्थापकांनी पेनड्राइव्ह पुढे केला. मी त्यांची एकच फाइल त्यावर घातली, काढून पुन्हा लावून आकार मेळवला आणि त्यांच्या हाती दिला. भाऊंनी तोवर वहीच्या कागदावर नऊ नावं लिहिली होती. त्यातल्या पहिल्यावर त्यांनी रेघ मारली आणि विचारलं, "औषधवाल्यांना आता बोलवू की सकाळी?"

"आता बोलवा," मी म्हटलं. "पण एकेकाला."